नवी गाडी रोज पुसू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आपल्या पुरवणीत नव्या गाडीची निगा कशी राखावी यावर अर्धं पान मजकूर आला होता. टायरच्या हवेपासून विम्याच्या कागदांपर्यंत बाकी सगळं ठीक होतं. पण पहिलीच सूचना अशी होती की गाडी रोज सकाळी कोरड्या, मऊ फडक्याने पुसून काढावी. या सूचनेला माझी हरकत आहे आणि ती जरा सविस्तर मांडायची आहे. दिवाळीच्या पाडव्याला सांगली-मिरजेच्या शोरूममधून पुन्हा गाड्या बाहेर पडतील आणि त्यांचे मालक दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन पार्किंगमध्ये उभे राहतील, म्हणून ही घाई.

मी सांगली-मिरज रस्त्याला गाड्यांचं रंगकाम करतो. वडीलही हेच करायचे. धंद्याच्या हिशेबाने बघितलं तर लोकांनी गाडी रोज पुसावी यातच माझा फायदा आहे, कारण तीच गाडी दोन-तीन वर्षांनी रबिंग-पॉलिशला, म्हणजे वरचा थर घासून चमक आणायला, माझ्याकडे येते. तरीही लिहितो, कारण कारखान्याचा रंग एकदा गेला की तो मलाही परत आणून देता येत नाही.

तो रंग म्हणजे नेमकं काय असतं ते आधी सांगतो. पत्र्याचा अख्खा सांगाडा कारखान्यात रसायनांच्या टाक्यांतून बुडवून काढतात आणि मग रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने पहिला थर बसवतात. त्याला ईडी कोट म्हणतात. गंजापासून खरं राखतो तो हा थर. त्यावर बहुतेक ठिकाणी सरफेसर, म्हणजे पत्रा सपाट दिसावा म्हणूनचा थर, मग बेस कोट, म्हणजे आपण पैसे मोजताना निवडतो तो लाल किंवा निळा रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर. आमच्या गॅरेजात त्याला अजून लॅकरच म्हणतात. हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातलं वरचं क्लिअर असतं साधारण ४० मायक्रॉन. तुमच्या दैनिकाचं एक पान याहून जाड असतं. गाडीची चकाकी आणि उन्हापासूनचा बचाव त्या पानापेक्षा पातळ थरात आहे, आणि रोजचं फडकं फिरतं ते त्याच थरावर.

बरं, गेला रंग तर पुन्हा मारून घेऊ, असं म्हणणारेही भेटतात. कारखान्यात क्लिअर १४० अंशांच्या आसपास भाजतात. तिथे त्या वेळी गाडीत काच नसते, रबर नसतं, वायरिंग नसतं, नुसता पत्रा असतो. माझ्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारून वाळवायच्या बंद खोलीत, गाडी येते ती अख्खी. ६० अंशांच्या फार वर गेलो तर प्लॅस्टिक वाकडं होईल. तेव्हा मी कितीही जीव ओतला तरी त्या भाजणीचा कठीणपणा माझ्या हातून येणार नाही, आणि कुठल्याही पेंटरच्या हातून येणार नाही.

आता धूळ. आपल्या भागातल्या धुळीत खडीच्या क्रशरची कच असते, रस्त्याच्या कामाची वाळू असते, काळ्या रानातली वाळलेली माती असते, आणि साखर कारखाने सुरू झाले की वरून काजळी. यातला दगडाचा कण क्लिअरपेक्षा कठीण असतो. फडकं कितीही मऊ असलं तरी ते हा कण उचलत नाही, पत्र्यावरून ओढत नेतं. फडक्याचा मऊपणा आपल्या हाताला कळतो, कणाला त्याचं काही नाही. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचं बॉनेट उन्हात तिरकं बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांचं गोल जाळं दिसेल. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही ते असतंच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पांढऱ्या गाडीवाल्यांचे दाखले या बाबतीत धरू नयेत.

गूळ पेठेतले एक व्यापारी अशीच काळी गाडी घेऊन आले होते. म्हणाले, "अण्णा, रोज पुसतोय, एक दिवस खाडा नाही, तरी ही जाळी कुठनं आली?" मी म्हटलं, "खाडा नाही म्हणूनच आली." त्यांना राग आला. पण गाडी ठेवून गेले.

ही सवय आली कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. वडिलांच्या वेळी अँबॅसिडर आणि पद्मिनी असायच्या. रंग एकथरी, वर क्लिअर नाही. उन्हाने तो निस्तेज पडून वरून पांढरट भुकटी सुटायची. ती पुसावी लागे, मेण चोळावं लागे, आणि रंगाचे हात इतके जाड असत की वर्षानुवर्षं चोळलं तरी खालचा पत्रा लागत नसे. लागलाच तरी काही वर्षांनी अख्खी गाडी नव्याने रंगवायचा रिवाज होता. तेव्हाचे ड्रायव्हर पहाटे उठून गाडी पुसत आणि मालक त्यांचं कौतुक करत. पुढे ड्रायव्हर गेले, मालक स्वतः गाडी चालवू लागले, आणि फलालीचं ते पिवळं फडकं तेवढं डिकीत राहिलं. अलीकडे त्याच्या जोडीला मेण लावलेली झाडणी आली आहे. दुकानदार सांगतो, ही धूळ ओढून घेते. थोडी घेते, बाकीची फिरवते.

माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर २०१९ चा महापूर आठवावा. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, टिळक चौक, शामरावनगर या भागांत गाड्या कित्येक दिवस पाण्याखाली उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर त्या ओढून ओढून आमच्या रस्त्याला आणल्या गेल्या. आतून त्यांची वाट लागली होती. सीटचा फोम कुजलेला, वायरिंगच्या जोडांत गाळ, कार्पेटखाली चिखलाचा थर. पण रंग? ज्यांनी आधी नुसतं पाणी मारून गाळ सोडवला, त्यांच्या गाड्यांचा रंग जवळपास होता तसाच निघाला. ज्यांनी उन्हात वाळलेला गाळ फडक्याने, कुणी तर गोणपाटाने झटकला, त्यांच्या बॉनेटवर आणि दारांवर आडव्या-उभ्या चरा पडलेल्या. इतके दिवस नदीच्या पाण्यात बुडून जे झालं नव्हतं, ते पाच मिनिटांच्या झटकण्याने झालं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की धुळीची गाडी धुळीची राहू द्या. कोरडी धूळ नुसती बसून राहिली तर रंगाला काही करत नाही. आठवड्याने, जमत नसेल तर पंधरवड्याने, नीट धुवा. मधल्या दिवसांत काचा आणि आरसे तेवढे पाणी मारून स्वच्छ करा, कारण ते दिसण्यासाठी लागतात.

नीट धुणं म्हणजे काय? गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली. धूळ भिजून वाहून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मायक्रोफायबरचं फडकं किंवा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक पत्रा धुवायचा, ते फडकं साध्या पाण्यात खळबळून पिळायचं, आणि मगच पुन्हा शॅम्पूत. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल नाही. दाराखालची पट्टी, बंपरचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं, कारण चाकावर ब्रेकची लोखंडी भुकटी बसलेली असते. काम झाल्यावर साध्या पाण्याची बादली हळूहळू ओतून बघा. तळाशी जी रेती दिसेल ती एका बादलीच्या कारभारात परत बॉनेटवर गेली असती. फडकं हातातून जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं ते बाद. धुवून वाळवल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये.

शॅम्पू गाडीचाच घ्या, बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलेला. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण हे तेलकटपणा तोडायला केलेले असतात. गाडीवरचं मेणही त्यांना तेलकटपणाच वाटतो, ते घेऊन जातात आणि दाराची रबरं कोरडी पाडतात. डिझेलच्या बोळ्याने गाडी चमकवायची ट्रकवाल्यांची पद्धत काही जण नव्या कारवर करतात, त्यांना तर हात जोडून नमस्कार.

धुतल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका, आणि बोअरच्या पाण्याने धुतली असेल तर मुळीच नको. कृष्णाकाठची कितीतरी जमीन उसाला बेसुमार पाणी पाजून क्षारपड झाली आहे, हे तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. ते क्षार बोअरमध्येही उतरतात. थेंब वाळतो, क्षार गाडीवर राहतो, आणि दुपारच्या उन्हात तो क्लिअरला धरतो. शक्य असेल तर शेवटचं पाणी नळाचं मारा आणि लगेच जाडसर मायक्रोफायबरने टिपून घ्या. घासायचं नाही, पसरून टिपायचं. पांढरे ठिपके पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून ओल्या फडक्याने लावा, मिनिटभराने धुवून टाका. जुने, आत गेलेले ठिपके मात्र त्याने जात नाहीत.

पाण्याच्या हिशेबाने बघितलं तरी हीच पद्धत परवडते. पाइप सोडून पंधरा मिनिटं धुतली की दीडशे-दोनशे लिटर पाणी गटारात जातं. दोन बादल्या आणि वरून मग्याने ओतायचं धरून पन्नास लिटरच्या आत काम होतं. जत-आटपाडीकडच्या वाचकांना पाण्याबद्दल मी काही सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात चकचकीत गाडी दिसली तर लोक नावंच ठेवतील. त्यांनी खुशाल धुळीत चालवावी. त्यांच्या गाडीचा रंग अपार्टमेंटमधल्या रोज पुसलेल्या गाडीपेक्षा जास्त टिकेल, हे मी लिहून देतो.

काही गोष्टींना मात्र आठवड्याची वाट बघून चालत नाही. पक्ष्याची घाण त्यातली पहिली. ती आम्लधर्मी असते. उन्हाने तापलेला क्लिअर सैल पडतो आणि संध्याकाळी गार होताना तो डाग आत धरून आकसतो. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाल्यावर अलगद उचला, मग पाणी मारा. फेब्रुवारीत मोहोरलेल्या आंब्याखाली गाडी लावली तर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यालाही हाच इलाज. डांबराचे शिंतोडे बोळ्यावर थोडं रॉकेल घेऊन निघतात, पण लगेच शॅम्पूने ती जागा धुतली पाहिजे.

आणि द्राक्षबागायतदारांसाठी खास. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, सगळीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो मारतात. नवी गाडी बांधावर लावून मालक बागेत जातात, ब्लोअर चालू असतो, वारा सुटलेला असतो. परत येऊन बघतात तर गाडीवर निळसर पांढरे ठिपके. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. पावसातही पानाला चिकटून राहावा म्हणूनच तो करतात, आणि तुमच्या क्लिअरलाही तो तसाच चिकटतो. वाळल्यावर नखाने खरवडायला गेलात तर चुन्याचा कण ओरखडा काढतो. त्याच दिवशी भरपूर पाणी, मग ते निम्म्या पाण्याचं व्हिनेगर, मग पुन्हा पाणी. आठवडाभर ठेवून आणलेल्या गाडीवर खालचे डाग राहिलेले मी बघितले आहेत. सोपा उपाय म्हणजे फवारणीच्या दिवशी बागेत मोटरसायकल न्यावी.

गळीत हंगाम सुरू झाला की काजळी पडते, पेटवलेल्या पाचटाची आणि चिमणीची. ती हलकी असते, पाण्याने निघून जाते. बोटाने पुसली की काळी रेघ ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडणारच आहे, तेव्हा तिच्या मागे लागू नका.

पूजेबद्दल लिहावं की नाही, असा विचार करत होतो. गणपतीच्या देवळापुढे, औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला नवी गाडी नेतात. न्यावीच. स्वस्तिक काढावं, माझ्या बूथच्या दारावरही आहे. पण आताच्या कुंकवात वरून रंग घातलेला असतो आणि पांढऱ्या बॉनेटवर ते आठवडाभर ठेवलं तर गुलाबी डाग मागे राहतो. दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवून टाकलं तर देव रागावत नाही. झेंडूच्या हाराचं प्रकरण त्याहून वाईट. सुतळीने, कधी तारेने, हार बॉनेटवर आवळतात आणि वाडीहून सांगलीपर्यंत तसेच येतात. वाटेत हार हलतो, त्याखाली धूळ शिरते, आणि घरी येईपर्यंत बॉनेटच्या मधोमध एक मॅट पट्टा तयार. पूजा झाली, फोटो झाला, की हार काढून आत ठेवावा.

डिलिव्हरीच्या दिवशी आणखी एक करता येतं. शोरूमवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी पुसू नका, असेल तशी द्या. यार्डात उभी असताना तिच्यावर धूळ बसलेली असते आणि तुमच्या समोर चमकावी म्हणून एकाच फडक्याने चार गाड्या पुसल्या जातात. पहिलं जाळं पुष्कळदा तिथेच पडतं.

त्याच दिवशी कोटिंगचा विषय निघतो. गाडीचे पैसे भरून झालेले, घरचे सगळे नटून आलेले, अशा वेळी माणूस नाही म्हणत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतं. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकाचा थर, जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. त्याने पाणी निथळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. एवढं खरं. खडी उडून टवका उडायचा तो उडतोच. डब्यावर ९एच लिहिलेलं असतं, तो आकडा पेन्सिलच्या चाचणीतला आहे, खनिजांचा कठीणपणा मोजतात त्या पट्टीवरचा नाही. लोकांना वाटतं हिऱ्याच्या खालोखालचा कठीणपणा मिळाला. पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. ती खडीपासून खरंच वाचवते, पण अख्ख्या गाडीचा खर्च लाखाच्या घरात जातो. माझा सल्ला विचाराल तर आठ-दहा लाखांच्या गाडीला हे दोन्ही नको. ज्यांचं पुण्याला सतत जाणं-येणं आहे आणि सातारा-कागल रुंदीकरणाच्या पट्ट्यात डंपरच्या मागे चालवावं लागतं, त्यांनी बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती फिल्म लावावी. बाकीच्यांनी काही शे रुपयांचा मेणाचा डबा आणावा, धुवून वाळवलेल्या गाडीला दोन-तीन महिन्यांनी पातळ हात द्यावा. नव्या गाडीला महिनाभर मेण लावू नये असं जे सांगतात, ते आम्ही नव्याने रंगवलेल्या गाडीबद्दल खरं आहे, कारण त्या रंगातलं थिनर उडायला वेळ लागतो. कारखान्यात भाजून आलेल्या रंगाला पहिल्या आठवड्यातही मेण चालतं.

सर्व्हिसिंगला मिळणारं फुकट पॉलिशही नको म्हणा. माझ्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे. नव्या गाडीच्या बॉनेटवर ते ११०-१२० दाखवतं. मशीनने कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट, मारलं की दर वेळी त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात, आणि जातात ते वरच्या चाळिसातले. चमक येते ती रंग खाऊन येते. जाळं फार झालं असेल तर एकदा करावं, माहितगाराकडून करावं.

आतल्या भागाबद्दल माझ्यापेक्षा शेजारचे कुशनवाले जास्त सांगतील, पण जे माझ्या नजरेस पडतं ते लिहितो. पहिलं म्हणजे सीटवरचं कारखान्याचं प्लॅस्टिक. गाडी नवी दिसावी म्हणून लोक ते महिनोन्‌महिने काढत नाहीत. खाली घाम आणि ओल कोंडते, पावसाळ्यात बुरशी धरते. पहिल्याच दिवशी काढा. दुसरं, जाड रेक्झिनचे सीट कव्हर. आता बऱ्याच गाड्यांत बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेत बसवलेल्या असतात आणि त्या कड फोडून बाहेर येतात. वरून जाड कव्हर शिवून घट्ट बसवलं तर ऐन वेळी ती अडेल. सीटच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेलं पट्टं दिसलं तर कव्हर घेताना तेवढी बाजू मोकळी किंवा कमजोर शिवणीची आहे ना, हे विचारा. माहीत नसलेला दुकानदार "काही होत नाही" म्हणेल.

डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारू नका. त्याची झळाळी समोरच्या काचेत उतरते, दुपारी रस्ता दिसत नाही, आणि तेलकटपणावर धूळ जास्त बसते. ओलसर फडकं पुरतं. गाडी उन्हात लावायची असेल तर समोरच्या काचेला आतून चकचकीत फॉइलचा पडदा लावा आणि बसण्याआधी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या.

हळदीचं मात्र सांगितलंच पाहिजे, शेवटी आपण हळदीच्या पेठेतले लोक. पोतं डिकीत टाकून नेलं किंवा मुलांनी मागच्या सीटवर भडंग सांडलं, की घरातलं माणूस आधी साबणाचं पाणी घेऊन धावतं. हळद अल्कलीने, म्हणजे चुना-साबणासारख्या पदार्थाने, लाल होते. चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर, आणि साबणाने सीटवर तेच होतं. आधी कोरडंच व्हॅक्यूमने ओढून घ्या, न चोळता. मग कापसाला थोडं स्पिरिट लावून, सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून बघून, बाहेरून आत असं टिपा. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दार उघडून दोन-चार दिवस सीटवर ऊन येऊ दिलं की पुष्कळ फिका पडतो.

पावसाळ्यात पायाखाली पाणी येतं तेव्हा मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघा. ओलं असेल तर जुनी वर्तमानपत्रं घड्या करून अंथरा आणि सकाळ-संध्याकाळ बदला. तुमच्या अंकाचा हा उपयोग लिहितो आहे, राग मानू नये.

शेवटचं मागणं विश्रामबाग आणि आसपासच्या सोसायट्यांकडे. तिथे महिना ठरवून गाड्या पुसणारी माणसं असतात. एक बादली, एक फडकं आणि दहा-पंधरा गाड्या. त्यांचा यात दोष नाही, आपण त्यांना पैसे रोजच्या पुसण्याचे देतो. महिन्याचे पैसे तेच ठेवावेत आणि काम रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी धुण्याचं ठरवावं. प्रत्येक गाडीवाल्याने आपली दोन फडकी द्यावीत, चाकाचं वेगळं, आणि ती महिन्यातून दोनदा घरी धुवून परत द्यावीत. पार्किंगमध्ये पाण्याचा नळ नसेल तर सोसायटीने एक बसवून द्यावा. चार गाड्यांच्या रबिंगच्या खर्चात तो बसून जाईल.

कळावे,
आपला,
सांगली-मिरज रस्त्यावरचा एक गाडी-पेंटर
(नाव कृपया छापू नये. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या ओळखतील.)

ता. क. : पत्र वाचून आमच्या मंडळींनी एक राहिलेली गोष्ट लिहायला लावली. ड्रायव्हरच्या पायाशी कंपनीच्या मॅटवर दुसरी मॅट टाकू नका. वरची मॅट सरकून पेडलखाली जाते. एकच ठेवा, आणि तीही खालच्या हुकात अडकवलेली.